रुसकीचं शिंगरू आणि बाबांचा चष्मा

१२ एप्रिल

छापखाना बंद होऊन आज तीन महिने झाले, आणि आज मी असा एक निर्णय घेतला ज्याला ना शाई लागली ना कागद. रुसकी घोडी माजावर आलीय, तिला घोडा आजच दाखवायचा, असं मी सांगून टाकलं. सकाळपासून तिचं शेपूट, तिचे कान, तिचं उगाच कुंपणाला अंग घासत उभं राहणं बघत होते. बाबा तबेल्याच्या दारात लाकडी पेटीवर बसले होते. मला वाटलं, नेहमीसारखं "हं" करतील आणि स्वतः उठून खात्री करून घेतील. पण ते खिसे चाचपत म्हणाले, "चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे. तुला दिसतंय ना? मग झालं."

तर दाखवला. आजोबांनी (आजोबा म्हणजे आमचा एकुलता एक नर घोडा, वय सतरा, गुडघे कुरकुरतात) तरुणाला लाजवेल अशा तोऱ्यात काम केलं आणि नंतर तिथेच उभ्या उभ्या डुलकी काढली.

ही वही मी वेगळी ठेवतेय, कारण घरातल्या खऱ्या वहीत मला लिहिता येत नाही. ती कापडी बांधणीची वंशवही बाबांच्या कपाटात असते. तिच्यात फक्त जन्म लिहायचे, आणि तेही आईच्या बाजूने: ही कोणाची मुलगी, ती कोणाची. बापाचं नाव समासात, बारीक अक्षरात. जो घोड्या सांभाळतो त्यानेच लिहायचं आणि नावही त्यानेच ठेवायचं. नाव म्हणजे काय, तर शिंगरू उभं राहिल्यावर पहिल्या तासात जे करेल ते. त्यामुळे आमच्या वहीत एकाखाली एक बावीस आया आहेत. धडपडी, खादाड, बोलकी, घाबरट, परत एक धडपडी, आणि सगळ्यात शेवटी रुसकी. जन्मल्यावर तासभर ती कुंपणाकडे तोंड करून उभी होती म्हणे.

आता ती अठरा वर्षांची आहे. चार शिंगरं झाली, चारही नर. मादी झाली नाही तर तेविसावी ओळ कोरी राहणार, आणि ही घोड्यांची जात आमच्याकडे तरी संपणार. बाबा हे बोलत नाहीत. पण हल्ली वही उघडून, न वाचताच मिटून ठेवतात.

१ मे

आज एकोणिसावा दिवस. घोडी फळली की नाही हे बघायला घोडा परत समोर आणतात. फळली नसेल तर ती लाडात येते, फळली असेल तर त्याला हाकलून लावते. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हीच परीक्षा आहे.

आजोबा चार पावलं लांब होते, तोच रुसकीने कान मागे पाडले, दात विचकले आणि फाटकावर अशी लाथ हाणली की एक फळी निखळून पडली. आजोबा बिचारे आल्या पावली मागे फिरले.

"गाभण!" मी टाळीच वाजवली.

"असेल," बाबा म्हणाले.

"असेल काय? आहे!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग रुसकीच्या पायांकडे, मग परत माझ्याकडे. "तू म्हणतेस तर आहे."

आईने दुप्पट साखर घालून चहा केला. मी दिनदर्शिकेवर तीनशे चाळीस दिवस मोजले आणि पुढच्या वर्षीच्या अठरा मार्चला लाल पेन्सिलीने गोल केला. बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली त्याच पेन्सिलीने. दुसऱ्यांच्या चुकांभोवती फिरलेली पेन्सिल आज पहिल्यांदा एका चांगल्या बातमीभोवती फिरली.

३ मे

रुसकी लंगडतेय म्हणून नालबंद काकांना बोलावलं. पुढच्या उजव्या खुरात पू निघाला. काका चाकूने खूर तासता तासता रुसकीशीच बोलत होते. "काय गं बाई, इतकं दुखत होतं तर सांगायचं नाही होय? माझ्यावर लाथ उचलू नकोस, मी तुझा मित्र आहे."

बाबांनी विचारलं, "किती दिवस दुखत असेल?"

"चार-पाच दिवस तर नक्कीच. या दुखण्यात जवळ कोणी आलेलं चालत नाही. माझा दात दुखत होता तेव्हा मी सख्ख्या मेव्हण्याला घराबाहेर काढलं होतं."

"मेव्हण्याला तू दात दुखत नसतानाही काढशील," बाबा म्हणाले.

खूप हसलो. पू निघाल्यावर रुसकी लगेच मोकळी चालायला लागली. बाबा संध्याकाळपर्यंत फाटकापाशी उभे होते. दुखणं गेलं याचा आनंद, दुसरं काय.

५ मे

आज मी दुपारी गावात गेले होते. परत येऊन बघते तर मधलं फाटक सताड उघडं, आणि आजोबा रुसकीच्या कुरणात! दोघं मानेला मान लावून, नव्या नवरानवरीसारखी चरत होती. मी धावत जाऊन आजोबांना बाहेर काढलं. पण ती गाभण आहे म्हटल्यावर काही झालं नसणार.

"बाबा, तुम्ही इथेच बसला होतात ना? दोर सुटला कसा?"

"मला काय दिसतंय? चष्मा नव्हता."

दोर धड होता, कुठे तुटला नव्हता. नुसती गाठ सुटलेली. म्हातारा घोडा आता गाठीसुद्धा सोडायला शिकला! चष्मा शेवटी कोंबड्यांच्या दाण्याच्या डब्यात सापडला. बाबांचं वय होतंय, हे लक्षात घ्यायला हवं.

२० ऑगस्ट

डॉक्टर आले. रुसकीला तपासून म्हणाले, "आहे. गाभण आहे." बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टरांनी त्यांचीच नाडी बघितली. मी मनात म्हटलं, यांना अजूनही माझ्या बोलण्याची खात्री नव्हती तर.

ते तसंच असणार. एकोणीस वर्षांची असताना मी बाबांना म्हणाले होते, मला तबेल्यातच राहायचंय. ते म्हणाले होते, "तू बघतेस फार, ऐकत नाहीस." मी रागाने छापखान्यात गेले, जिथे बघण्याचेच पैसे मिळतात. ते वाक्य बाबांना आठवतही नसेल. मला त्यातला स्वल्पविरामसुद्धा पाठ आहे.

१४ नोव्हेंबर

सांस्कृतिक खात्याच्या एक बाई आल्या होत्या. सोबत कॅमेरा आणि चौदा पानांचा फॉर्म. घोडे वाढवण्याच्या जुन्या पद्धतींची "जिवंत वारसा" म्हणून नोंद करायची आहे. गोड आहेत, पण घोड्यापासून सतत पाच पावलं मागे सरकत बोलतात, त्यामुळे मुलाखत तबेल्यात सुरू होऊन स्वयंपाकघरात संपली.

"काका, तुमच्या पद्धतीचं वैशिष्ट्य काय सांगाल?"

"हिला विचारा," बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"घोडी व्यायच्या वेळी तुम्ही काय करता?"

"हिला विचारा."

मग मीच सांगितलं. आमच्याकडे व्यायला आलेल्या घोडीला बंद जागेत कोंडत नाहीत. तिला कुरणात ठेवतात आणि सांभाळणारा तिच्याकडे पाठ करून बसतो. तिच्याकडे बघायचं नाही. कोणी टक लावून बघत असेल तर घोडी कळा थोपवून धरते, अंगावर काढते. पाठ करून फक्त ऐकायचं, आणि गरज लागली तरच वळायचं. बाईंनी भराभर लिहून घेतलं. बाबा खाली बघून हसत होते. मी काहीतरी चुकीचं सांगितलं असणार, पण त्यांनी दुरुस्त केलं नाही.

"नोंद दोन प्रकारची असते," बाई म्हणाल्या. "चालू किंवा इतिहास. पुढची घोडी जन्मली तर चालू."

"म्हणजे आम्ही चालू की इतिहास ते रुसकी ठरवणार," आई म्हणाली. "ठीक आहे. या घरात नाहीतरी सगळं तिच्याच मर्जीने चालतं."

शेवटच्या पानावर एकच रकाना होता: परंपरेचे सध्याचे धारक. बाबांचा चष्मा अर्थातच सापडेना, म्हणून मीच त्यांचं नाव लिहिलं आणि फॉर्म आईकडे दिला, पाकिटात घालायला. ती म्हणाली, "थांब, एकदा नजर फिरवते." मी म्हटलं, मुद्रितशोधकाने तपासलेलं तू काय तपासणार! ती म्हणाली, "बघू की."

९ जानेवारी

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे, चष्मा वाचण्यापुरताच लागतो, लांबचं उत्तम दिसतं. मग घरी असं का होतं? मी दुसरे डॉक्टर गाठावेत म्हणते. तोवर एक जादाचा चष्मा करून घेतला. तो सोमवारी केला आणि बुधवारी हरवला.

एक बरं झालं. या चष्म्यांच्या भानगडीत मी बरंच शिकले. चावलेल्या गवतावरून दात ओळखते, लिदीवरून पोट. बाबांना दिसत नाही म्हटल्यावर कोणीतरी बघायला नको का?

१८ मार्च

लाल गोल आला. रुसकी शांतपणे चरतेय. मी तबेल्यात आणि कुंपणावर दोन छोटे कॅमेरे लावलेत, मोबाइलवर दिसतात. बाबा म्हणाले, "ही कोणाची डोळ्यांची जोडी?" मी म्हटलं, तुमच्यासाठीच, तुमचा चष्मा नसतो ना.

२९ मार्च

काही नाही. कास थोडी भरलीय, एवढंच. जेवताना मी मोबाइल भांड्याला टेकवून ठेवते. आई म्हणाली, "त्या घोडीने उद्या तुझ्याकडे असं बघितलं तर तुला घास गिळवेल का?"

८ एप्रिल

तीनशे एकसष्ट दिवस. मला रडू आलं. डॉक्टरांना तीन फोन केले, तिसऱ्याला ते म्हणाले, "ताई, तारीख नक्की आहे ना?" मी म्हटलं, मी तारखांमध्ये चुकत नाही.

मग बाबांकडे गेले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. की मला हे जमत नाही, की तुम्ही बरोबर होतात, की मी फक्त बघते. तेविसावी ओळ माझ्या हातून जाणार.

बाबांनी माझं बोलणं संपू दिलं. मग म्हणाले, "तू तुझी ती वही लिहितेस ना? छापखान्यात काय करायचीस, छापायच्या आधी एकदा पहिल्यापासून वाचायचीस. वाच की."

"त्याने काय होणार?"

"काही नाही. वेळ जाईल."

९ एप्रिल

दुपारी ही वही पहिल्या पानापासून वाचली, हातात लाल पेन्सिल घेऊन. एक मे, तीन मे, पाच मे. तिथे पेन्सिल थांबली ती थांबलीच.

लाथ मारली ती पायाच्या दुखण्यामुळे! ती गाभण नव्हतीच. तीन तारखेला पू निघाला, पाचला ती परत माजावर होती, आणि त्याच दिवशी फाटक उघडं! तीनशे चाळीस दिवस पाच मेपासून मोजायचे. म्हणजे उद्या!

चुलीवरचं दूध तसंच सोडून धावत सुटले. बाबांना सांगितलं तेव्हा ते केवढे थक्क झाले! "अरे वा! असं झालं होय!" तीन वेळा म्हणाले. आई तोंडावर हात धरून आत निघून गेली, तिला भरून आलं असावं. मी आजोबांच्या गळ्यात पडले. त्या म्हाताऱ्या घोड्याने दोर सोडला नसता तर हे वर्षच हातचं गेलं असतं. त्याला दोन मुठी चणे जास्त दिले. बाबा म्हणाले, "दे, दे. मोठं काम केलंय त्याने." आणि एक मूठ चणे स्वतः खाल्ले.

कॅमेरे काढून टाकले.

११ एप्रिल

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल. येऊ दे.

सकाळी सडांच्या टोकांना मेणासारखे थेंब होते. रुसकीला कुरणात सोडलं. मी तीस पावलांवर, तिच्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने बाबा येऊन शेजारी बसले. अर्थात चष्म्याशिवाय.

पाठ करून बसणं किती अवघड आहे! मान आपोआप वळते. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, बस इतकंच. मग हळूहळू मला ऐकू यायला लागलं. गवत तोडल्याचा आवाज, चावल्याचा आवाज. मग चावणं थांबलं.

"काय ऐकलंस?" बाबा कुजबुजले.

"चरणं थांबलं. श्वास बदलला. पुढचा पाय घासतेय."

"मग?"

"अजून नाही."

पाणी सुटल्याचा आवाज आला. मग धप्पकन् बसली. एक लांब कण्हणं. माझं सगळं अंग वळायला बघत होतं. "अजून नाही," मी परत म्हणाले, स्वतःलाच. दुसरी कळ, तिसरी. मग एक ओला, घसरता आवाज, आणि त्याच्यामागून एक बारीक शिंक.

"आता," मी म्हणाले, आणि वळले.

गवतात एक काळं, ओलं, चमकणारं गाठोडं होतं आणि त्याला चार दिशांना चार पाय होते. धावले. नाकावरची पिशवी त्याने स्वतःच झटकली होती. शेपूट उचलून बघितलं. परत बघितलं. मग मी जी ओरडले ती म्हणे नालबंद काकांना त्यांच्या दुकानात ऐकू गेली.

मादी!

"मागचा डावा पाय पांढरा आहे," बाबा तीस पावलांवरून म्हणाले. "लिहायला विसरू नकोस."

बघितलं तर खरंच, खुराच्या वर दोन बोटं पांढरं. चष्म्याशिवाय कसं सांगितलं? पण रुसकीच्या आईचाही तोच पाय पांढरा होता, अंदाजाने बोलले असतील. अनुभव म्हणतात तो हा.

चाळीस मिनिटांत ती उभी राहिली, पाचव्या प्रयत्नात. आई तोवर आली होती. शिंगरू दूध शोधत निघालं आणि रुसकीला सोडून भलत्याच दिशेला, बाबांकडे गेलं. त्यांच्या सदऱ्याला ढुशा दिल्या, खिशात नाक खुपसलं, आणि खिशातून चष्मा खाली पडला. पाठोपाठ दुसरा, तो जानेवारीतला.

"बाबा! खिशातच होते!"

"असं का? बघ, मला कळलंच नाही."

आई गवतावर बसलीच. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी. "नाव मिळालं गं. चुगली ठेव, चुगली!" का, ते मात्र सांगेना.

१२ एप्रिल

बाबांनी कपाटातून वंशवही काढून माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, तुम्ही लिहा, आता तर दोन दोन चष्मे आहेत. ते म्हणाले, "काचांना शिंगराची लाळ लागलीय. तू लिही."

"पण जो घोड्या सांभाळतो त्यानेच..."

"शाई वाळेल," बाबा म्हणाले.

बावीस ओळी वेगवेगळ्या हातांच्या. तेविसावी माझ्या हातची. चुगली, रुसकीची मुलगी. काळी, मागचा डावा पाय पांढरा. समासात बारीक अक्षरात: आजोबा. लिहून झाल्यावर सवयीने दोनदा तपासली. चूक नव्हती.

३० एप्रिल

खात्याचं पत्र आलं. नोंद मंजूर: चालू! आईने ते दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं. पण छापण्यात एक ढोबळ चूक आहे. सध्याचे धारक या रकान्यात बाबांच्या जागी माझं नाव पडलंय. मला एका नजरेत दिसलं. मी दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले तर आई म्हणाली, "एवढ्यासाठी कशाला? राहू दे." बाबाही म्हणाले, राहू दे, सरकारी काम आहे. या दोघांना अचूकपणाची चाडच नाही.

मी म्हटलं, बरं, निदान तुमच्या चष्म्याला दोर तरी लावू, म्हणजे हरवणार नाही. दोर मी आणला, गाठ बाबांनी मारली. मी ओढून बघितली. हलेना. दातांनी ओढली, तरी हलेना. फाटकाच्या दोराला मारतात तीच गाठ.

"बाबा, ही गाठ तर घोड्याच्या बापाला सुटणार नाही. मग त्या दिवशी..."

बाबांनी चष्मा काढून खिशात टाकला. "बाहेर चुगली ओरडतेय," ते म्हणाले. "ऐकू येतंय ना? जा. तुझी आहे ती."